दाताची गाडी : तीन फेऱ्या पाहून लिहिलेला रिव्ह्यू

लोक मिक्सरचे, हॉटेलचे रिव्ह्यू टाकतात, मी दाताच्या गाडीचा टाकून राहिलो. गाडी म्हणजे फिरता दंत दवाखाना, एका डेंटल कॉलेजची मोठी बस, आत दोन खुर्च्या, वर लाइट, जनरेटर, पाण्याची टाकी, कॉम्प्रेसर, अवजारं निर्जंतुक करायचं मशीन असं सगळं फिट केलेलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी आहेत, आणि त्यातली पोरंपोरी जीव तोडून काम करतात, त्यांच्या मागे उगा चौकशी लागायला नको. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात एका आश्रमशाळेवर मास्तर आहे, ११ वर्षं झाली, मूळचा ब्रह्मपुरीकडचा. गाडी आमच्याकडे आतापर्यंत तीनदा आली आणि तिन्ही वेळा दुभाषी मीच, कारण गाडीतल्या कोणालाच माडिया, म्हणजे इथल्या आदिवासींची भाषा, येत नाही आणि मला येते, म्हणजे पोरांनी हसून हसून शिकवली तेवढी येते.

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कशाचा कापला ते सांगतो, पण ओळीने नाही जमणार, आठवेल तसं लिहितो.

पहिली फेरी एप्रिलमध्ये. एप्रिल! ज्याने तारीख ठरवली त्याने गडचिरोलीचा नकाशा पाहिला असेल, मोहाचं झाड नाही पाहिलं. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलाचा सिझन, अंधार असतानाच माणसं टोपल्या घेऊन जंगलात जातात, लहान पोरंसुद्धा, वेचून परत यायला दुपार होते, मग ते अंगणात वाळत घालायचं. मोह सरला की तेंदूपत्ता. गाडी दहाला आली, बारापर्यंत मांडामांड, आणि गावात कोण तर म्हातारी माणसं, कुत्रे आणि आम्ही मास्तर लोक. दिवसभरात जे खुर्चीत बसले त्यातले अर्धे आमच्याच शाळेचे कर्मचारी. संध्याकाळी एका साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की आदिवासी समाजात दंत आरोग्याबद्दल उदासीनता दिसून येते. अहो साहेब, उदासीनता नाही, मोह आहे. अर्धा स्टार इथेच गेला.

त्याच दिवशी फॉर्मची गंमत झाली. गाडीत चढायच्या आधी एक फॉर्म भरतात, त्यात प्रश्न, रोज दात घासता का, होय किंवा नाही. मी विचारत होतो, माणसं होय म्हणत होती, पोरगी टिक करत होती. दहा-बारा जणांनंतर मलाच राहवलं नाही, मी म्हटलं मॅडम, हे होय म्हणून राहिले ते खरंच आहे, पण कशाने घासता ते विचारा ना. विचारलं तर बायांपैकी बहुतेक जणींचं उत्तर गुडाखू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ यांचा काळपट लगदा, छोट्या डबीत मिळतो, बोटाने हिरड्यांवर चोळायचा. छत्तीसगडकडे याचा फार वापर आहे आणि आपली अर्धी सोयरीक तिकडचीच, त्यामुळे आमच्या बाजारात पण डब्यांची रास असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या मिश्रीची आणि कोकणातल्या मशेरीची ही बहीणच समजा, तिकडे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटतात, इकडे गूळ घालून ओली लावतात. म्हणजे फॉर्मवर "रोज दात घासतात, होय" असं आलं, आणि खरं काय तर दिवसातून चार वेळा तंबाखू चोळतात. आता हा आकडा कुठे कुठे जाईल आणि त्यावर कोण काय ठरवेल, विचार करा.

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली मावशी आहे, तिचं पण तेच. तिला मी त्या दिवशी विचारलं, कधीपासून लावता, तर म्हणे दाढ दुखत होती तेव्हा सासूने दिली, दुखणं थांबलं, मग सुटलीच नाही. आणि हे खोटं नाही, तंबाखूने जागा बधिर होते, चार घटका बरं वाटते. दाढ आतून सडत राहते तो भाग वेगळा. शिवाय सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं ती म्हणते, आणि हे मी ब्रह्मपुरीत माझ्या आजीकडून पण ऐकलंय, शब्दन् शब्द तेच. गंमत म्हणजे १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. चांगलंच केलं. पण डबीवर दंतमंजन न लिहिता तंबाखू लिहिलं की झालं, बोट कुठे फिरवायचं ते बायांना माहीत आहेच.

दुसरी फेरी जानेवारीत झाली आणि ती एकदम भारी. धान चुरून झालेलं, आणि या वेळी मी आधीच फोन करून सांगितलं होतं की गावात नका येऊ, आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारात लावा गाडी. तसंच केलं. सकाळी नऊपासून लाइन. कोंबड्या विकायला आलेली माणसं कोंबडी बगलेत धरून टोकन घेऊन राहिली होती, एकजण तर कोंबडी घेऊनच खुर्चीत बसायला निघाला. त्या बॅचमध्ये एक डॉक्टर मॅडम होत्या, नाव नाही लिहीत, त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न बदलला. दात घासता का नाही, तोंडात काय काय घालता, किती वेळ ठेवता, रात्री झोपताना असते का. मी माडियात विचारायचो, त्या लिहायच्या. माडियात दाताला पल म्हणतात हे त्यांनी पहिल्या तासात शिकून घेतलं आणि मग प्रत्येकाला खुर्चीत बसला की "पल?" म्हणून बोटाने विचारायच्या, म्हाताऱ्या खदखदा हसायच्या आणि तोंड आपोआप उघडायचं. एक अख्खा स्टार या एका शब्दाचा.

यात एक म्हातारी आली, वय तिलाच माहीत नाही, सत्तरीच्या वर असेल. तोंड उघडलं तर दात झिजून झिजून सपाट, वरचं पांढरं कवच गेलेलं, पिवळे-तपकिरी, पण बत्तीसमधले बरेचसे जागेवर आणि किडलेला एकही नाही. मॅडमनी इंटर्न पोरांना बोलावून दाखवलं. आयुष्यभर करंजाची नाहीतर कडूनिंबाची काडी, कधी चुलीतला कोळसा आणि मीठ, खाणं म्हणजे भात, जावा, आंबील, जंगलातली भाजी, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, लाल मुंग्यांची चटणी, साखर म्हणून काही नाहीच, चहासुद्धा म्हातारपणी आला. कोळशाने आणि राखेने दात झिजतात हे खरं, पण कीड लागायला जी गोड चिकट वस्तू दाताला लागून राहावी लागते ती तिच्या आयुष्यात नव्हतीच. आणि तिचा नातू आमच्याकडे तिसरीत, त्याच्या तोंडात चार दाढा काळ्या. त्याला शाळेतून ब्रश मिळते, पेस्ट मिळते, आणि बाजारातून पाच रुपयांचे बिस्किट, टॉफी, कुरकुरे पण मिळतात.

पहिल्या फेरीतल्या लोकांनी भाषणात काडी फेका, ब्रश घ्या असं सांगितलं होतं, तेही पुस्तकी मराठीत, "मौखिक स्वच्छता" वगैरे. मौखिक म्हणजे काय हे मला आठवीच्या पोरांनी विचारलं. नंतर पेस्टची एक-एक छोटी पाकिटं वाटली, पोरांनी ती घरी जाऊन खाल्ली, गोड लागते म्हणून. जानेवारीतल्या मॅडमनी उलटं केलं. म्हणाल्या काडी चालते, फक्त टोक नीट चावून मऊ करायचं आणि हिरडीजवळ आडवं आडवं घासायचं नाही, त्याने दाताच्या मुळाशी खाच पडते. ती खाच त्यांनी आमच्या शिपाईदादाच्याच दातात दाखवली, अगदी कुऱ्हाडीने घाव घालावा तशी. पोरांना ब्रश आणि पेस्ट, पेस्ट वाटाण्याएवढी, लहान पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायची. म्हाताऱ्यांना काडी. तंबाखू कोणालाच नाही. एवढं सोपं होतं. पण आश्रमशाळेत ब्रशचं खरं दुखणं वेगळंच आहे, सगळ्यांना एकाच रंगाचे येतात. पोरं दोऱ्या बांधून खूण करतात, दोरी सुटली की भांडण, आणि दिवाळीपर्यंत ब्रशचं फूल झालेलं असते. हे कोणत्याच भाषणात येत नाही.

आणखी एक गोष्ट जी मला स्वतःला माहीत नव्हती आणि दोन पोरांचा बाप आहे मी. सहाव्या वर्षाच्या आसपास मागे जी दाढ येते ती दुधाची नाही. कोणताही दात न पडता गुपचूप मागे उगवते म्हणून सगळ्यांना वाटते दुधाचीच आहे, किडली तर पडेल, नवीन येईल. नाही येत. तीच मरेपर्यंतची. आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या ज्या पोरांच्या दाढा किडायला लागल्या होत्या त्या मॅडमनी दाताच्या सिमेंटने भरून दिल्या, ड्रिल न मारता, हाताच्या अवजाराने कीड खरवडून. मार्चमध्ये पाहिलं तर बहुतेक जागेवर होत्या.

कीड म्हटलं की आता पुजाऱ्याकडे यावं लागते. आपण मराठीत दाताला कीड लागली म्हणतो ना, तर गावात ती कीड म्हणजे खरीखुरी अळी. दात दुखला की पुजारी किंवा जाणता माणूस रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकतो, नळीने धुरी तोंडात घ्यायची, खाली पाण्याचं भांडं, आणि पाण्यात पांढरे पांढरे वळवळल्यासारखे धागे पडलेले दिसतात. निघाली कीड. दुखणं पण थोडं कमी होते. हे फक्त आदिवासीच करतात असं समजू नका, माझ्या मामाने ब्रह्मपुरीत केलंय, आणि मामा बीए आहे. मॅडमना मी हे सांगितलं तर मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं बिया मिळतील का. बाजारातच एकाकडे सुकलेली फळं मिळाली. त्यांनी बी चिमट्यात धरून ब्लेडने उभी कापली आणि आतला कोंब काढून पाण्यात टाकला. वाकडा, पांढरा, हुबेहूब अळी. आजूबाजूला पाच-पन्नास माणसं गोळा झालेली, त्यात पुजारी पण होता. मला वाटलं आता भांडण होते. पुजारी दोन मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, मग दुखणं काहून थांबते? मॅडम म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, गरम धुराने थोडा आराम पडतो, आणि दाताचं दुखणं तसंही येते-जाते, पण भोक तिथेच राहते. मग पुजाऱ्यानेच आपली दाढ दाखवली. माझ्या हिशेबाने त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम हे. त्याच्यानंतर त्याने पाठवलेले चार-पाच जण खुर्चीत बसले. त्याचा अपमान झाला असता तर एकही नसता आला.

बाकीचे घरगुती इलाज पण ऐकून घ्या कारण ते गाडीत रोज दिसतात. रुईचा चीक दाढेच्या भोकात, बिब्ब्याचा चटका, आणि आजकालचा नवीन म्हणजे दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर दाबून ठेवणे. तिन्हींनी हिरडी भाजते. एका बाईचा गाल आतून पांढरा सोलून निघाला होता, दाढेपेक्षा ते जास्त दुखत होतं. लवंग मात्र चालते म्हणे.

डोळ्याची गोष्ट सगळीकडेच आहे, वरचा दात काढला तर नजर जाते. नागपुरात पण लोक म्हणतात. आमच्याकडे एक दादा होते, साठीचे, वरची दाढ पू येऊन लोंबत होती पण काढू द्यायला तयार नाही, कारण त्यांच्या मोठ्या भावाने वरची काढली आणि दोन वर्षांत डोळ्यात पांढरं आलं. मोतीबिंदू. ज्या वयात दाढा हलतात त्याच वयात मोतीबिंदू येतो, एवढाच संबंध, पण हे साठ वर्षांच्या माणसाला मी कसं पटवू. ते जानेवारीत तसेच परत गेले. मध्ये त्यांचा चेहरा सुजला, ताप आला, आणि तापच म्हटल्यावर आशाताईने आधी मलेरियाची टेस्ट केली, तिचं काही चुकलं नाही, आमच्या जिल्ह्यात ताप म्हणजे आधी मलेरियाच पाहावा लागते. निगेटिव्ह आली. मग उपकेंद्रातून गोळ्या, मग तिसऱ्या फेरीला स्वतः येऊन बसले. त्या वेळच्या डॉक्टर पोराने काय केलं तर काढायच्या आधी एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, मग दुसरा, दाढ काढली, कापूस दाबला, परत बोटं मोजायला लावली. बोटं बरोबर. दादा बाहेर येऊन बाजारात सगळ्यांना बोटं दाखवून राहिले होते, तोंडात कापूस असल्यामुळे बोलता येत नव्हतं.

दात साफ केले की ढिले होतात हा पण एक समज आहे. याचं कारण मला गाडीत उभं राहून कळलं. वर्षानुवर्षांच्या मळाचा दगड होऊन दातांच्या मध्ये बसलेला असतो, हिरडी आधीच खाली सरकलेली असते, दगडानेच दात एकमेकांना धरून ठेवल्यासारखे असतात, तो काढला की फट दिसते आणि दात हललेले कळतात. म्हणजे माणूस खोटं नाही बोलत, उशिरा आला एवढंच. बाळंतीण होणाऱ्या पोरींच्या हिरड्यांतून रक्त येते म्हणून त्यांना दात घासायचंच बंद करायला लावतात, तिथेही घासायचं थांबवलं की रक्त वाढते. हे सांगायला आशाताईंना वेगळं अर्धा तास बसवलं, ते बरं केलं.

पोरांच्या दुधाच्या दातावरून मात्र गाडीत रडारड झाली. दुसरीतल्या एकाचा हलणारा दात काढला आणि सिस्टरने सवयीने तो पिवळ्या पिशवीत टाकला, दवाखान्याचा कचरा म्हणून. पोरगा असा भोकाड पसरून रडला की बाहेरची लाइन पांगली. दुखलं म्हणून नाही, दात कौलावर टाकायचा असतो, उंदराला सांगायचं असते, नाहीतर नवीन नाही येत. मी समजावून सांगितलं. मग दात शोधून, धुवून, कागदाच्या पुडीत बांधून दिला. तेव्हापासून गाडीत पुड्यांचं पाकीट ठेवतात. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हा प्रकार पण निघाला, एक आई सहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती, दात काढून टाका म्हणून. नाही काढले. मामालाच बोलावून बाळाच्या हातून त्याला चापट मारायला लावली, मामा जिवंत आहे आणि परवा बाजारात भेटला.

आता खर्रा. हे लिहायचं टाळत होतो.

विदर्भाबाहेरच्यांना सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, सुगंधी तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पाटीवर घोट-घोट घोटायचा, ओलसर झाला की पन्नीची पुडी. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, सुगंधी तंबाखूवर पण बंदी आहे, आणि प्रत्येक वळणावर पन्नी घोटायचा आवाज आहे. आमच्याकडे पाहुण्याला पाणी नंतर, खर्रा आधी. लग्नात खर्रा, ग्रामसभेत खर्रा, मजुराला चहाऐवजी खर्रा. सातवी-आठवीच्या पोरांच्या खिशात पन्नी सापडते. जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं अभियान चालू आहे, त्यांच्या लोकांनी काही गावांत ठराव करून दुकानं बंद करवली, हे खरंच काम आहे, पण एका गावात बंद झालं की पोरं सायकलने पुढच्या गावी जातात. तंबाखू वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, सुपारीबद्दल मात्र अजून लोकांना वाटते ती पूजेतली गोष्ट आहे, तिने काय होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू नसली तरी.

तर जानेवारीत दुपारी जेवताना मॅडमनी डब्यातलं लोणचं पुढे केलं. मी म्हटलं नको, तिखट लागते. त्या म्हणाल्या, विदर्भातले असून तिखट लागते? कधीपासून? मी म्हटलं असेल वर्ष-दीड वर्ष. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, सर, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. मी दिवसभर लोकांना हेच सांगून राहिलो होतो, माडियातून, तीन बोटं घाला, तीन बोटं घाला. माझी दोनच गेली. ११ वर्षांत खर्रा कधी सुरू केला ते आठवत पण नाही, पहिल्या महिन्यातच असेल, स्टाफरूममध्ये कोणीतरी पुडी पुढे केली आणि नाही म्हटलं तर माणूस वेगळा पडतो. गाल आतून पांढरे आणि कडक झालेत, दोरी ताणल्यासारखे पट्टे हाताला लागतात. सुपारीने गालाच्या आतलं मांस लवचिक न राहता तारेसारखं होते, मग तोंड हळूहळू मिटत जाते, आणि त्यातून पुढे कॅन्सर व्हायची भीती असते. झालेलं पूर्ण मागे जात नाही, सोडलं तर वाढणं थांबू शकते, व्यायामाने थोडं उघडते. हे त्यांनी सरळ सांगितलं, घाबरवलं पण नाही आणि गोड पण नाही केलं. मला गाडीबद्दल जे वाटते त्यात हे पण मिसळलेलं आहे, रिव्ह्यू वाचताना तेवढं वजा करून घ्या.

आता उरलेला एक स्टार. गाडी दात काढते, साफ करते, छोटं भोक भरते. दाढेची नस मेली असेल आणि दाढ वाचवायची असेल तर रूट कॅनल लागते, त्याला दोन-तीन खेपा लागतात, आणि गाडी एका दिवसाची. मग उरते काय, काढा. पंचवीस वर्षांच्या पोरीची पुढची दाढ काढली, वाचली असती. तिला चिठ्ठी दिली होती की जिल्ह्याच्या ठिकाणी जा. गडचिरोली इथून शंभर किलोमीटरच्या वर, एक दिवस जायचा, एक यायचा, दोन दिवसांची मजुरी आणि बसभाडं, ते पण तीन वेळा. कोण जाते. आणि तिसऱ्या फेरीला सगळी बॅच नवीन, इंटर्नशिप वर्षाची असते ना, मागच्या वेळी कोणाला काय केलं याचा कागद कोणाकडे नाही, पुजाऱ्याला परत तोच फॉर्म, रोज दात घासता का. तो माझ्याकडे पाहून हसला. एक वही गावात आशाताईकडे ठेवली असती तरी झालं असतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आता वही मीच सुरू केली आहे, दोनशे पानी, शाळेच्या कपाटात.

ज्यांना आपल्या गावात अशी गाडी बोलवायची आहे त्यांच्यासाठी थोडं. तारीख बाजाराची घ्या, मोह, तेंदू आणि धान कापणी सोडून. दात काढायला उपाशी पाठवू नका, लोक उपाशी येतात आणि चक्कर येऊन पडतात. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर सोबत आणा. काढल्यावर अर्धा तास कापूस दाबून ठेवायचा आणि एक दिवस थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, हे फार महत्त्वाचं, कारण खर्रा खाणाऱ्याला थुंकायची सवय असते, रक्ताची गाठ निघून जाते आणि मग जे दुखते ते दाढेपेक्षा वाईट. आमच्याकडे दोघांचं तसं झालं, एकाने तर गाडीतून उतरून दहा मिनिटांत पुडी उघडली. आणि दुभाषी गावचाच घ्या, शक्यतो बाई, बाया मास्तरला तोंड दाखवायला लाजतात, मी आहे म्हणून किती जणी न बसता गेल्या ते मला नंतर मावशीने सांगितलं.

एक म्हातारा मला त्या दिवशी म्हणाला की दाताची देवी तर तिकडे दंतेवाड्याला आहे, गाडी काहून पाहिजे. दंतेश्वरी. सतीचा दात तिथे पडला असं म्हणतात. मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, इकडे चातगावला शोधग्राममध्ये तर दवाखान्याचंच नाव माँ दंतेश्वरी आहे, तिथे जा म्हणावं. म्हातारा म्हणाला, ते लांब आहे, गाडी बरी.

पुढची फेरी परत जानेवारीत म्हणतात. मावशीने गुडाखू सकाळची एकदाच ठेवली आहे, पोटासाठी. मला मॅडमनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला होता, एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची, दिवसातून चार-पाच वेळा. सुरुवात १४ काड्यांनी झाली, सध्या १७. वर्गात करत नाही, पोरं हसतात.